डॉ. रुस्तम जाल वकील आणि आपले गणिताचे सर



स्मरणिकेसाठी लेख द्या, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. आयुष्यभर गांधीबागेत ठोक औषधांचा धंदा केला. बिले लिहिली, लेख लिहिले नाहीत. पण ज्याच्यामुळे आपल्याला काही कळले अशा एखाद्या मोठ्या माणसाविषयी लिहा, असा आग्रह झाला आणि एक नाव लगेच डोळ्यांपुढे आले. ते नाव आपल्या शाळेत कधी कोणी घेतले नाही. तो माणूस नागपूरचा नव्हता आणि मी त्याला कधी पाहिलेही नाही. तरी आपल्या १९७१ च्या मॅट्रिकच्या तुकडीशी, त्यातही आपल्या गणिताच्या सरांशी, त्याचे नाते आहे. ते पुरते कळायला मला जवळजवळ तीस वर्षे लागली.

सरांचे नाव लिहीत नाही. तुम्हाला ते सांगायची गरज नाही. उद्यानाच्या बाजूने सायकलवर येणारे सर, फळ्यावर प्रत्येक पायरी लिहिल्याशिवाय उत्तर न मानणारे सर. उत्तर बरोबर आले आणि मधली एक पायरी गाळली, तर अर्धे गुण कापणारे सर. अकरावीच्या वर्षी त्यांचे अक्षर बारीक होत गेले, हे तुम्हाला आठवते का? ओळ सुरू करताना मोठे असायचे आणि फळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत मुंगीएवढे व्हायचे. मागच्या बाकावरून आपण ओरडायचो. सर खडू वाचवतात, असे आपण म्हणायचो. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नाही, राग नाही, म्हणून आपण त्यांचे नाव पुतळा ठेवले होते.

आणि एक गोष्ट आजवर मी कबूल केलेली नाही. रामटेकच्या सहलीहून येताना खाजकुइलीच्या शेंगा कागदात गुंडाळून आणल्या होत्या. त्यांची लव सरांच्या खुर्चीवर कोणी टाकली, याची चौकशी झाली, कोणी बोलले नाही. ते काम माझे होते. सर बसले, उठले, मान आणि हात खाजवत राहिले आणि प्रमेय पूर्ण केले. चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही. आपण ठरवून टाकले की या माणसाला काही वाटतच नाही.

मॅट्रिक झाल्यावर मी वडिलांच्या दुकानात बसलो. सरांना रक्तदाब होता. त्यांची महिन्याची गोळी मी स्वतः घरी नेऊन देत असे. त्या गोळीत रेसरपिन होते. त्या काळी रक्तदाबासाठी ते सर्रास दिले जाई आणि आमच्याकडे त्याचे खोके येत. आपला एक वर्गमित्र तेव्हा मेडिकल कॉलेजात शिकत होता. तो दुकानात येऊन बसे. एकदा त्याच्या हातात जाडजूड पुस्तक होते आणि त्यावर वकील आणि गोलवाला अशी नावे होती. मला वाटले, हा डॉक्टरकी सोडून कायदा शिकायला लागला. तो पोट धरून हसला. ते रोग्याला तपासायचे कसे, लक्षणे ओळखायची कशी, हे शिकवणारे पुस्तक होते. त्यातले वकील म्हणजे डॉ. रुस्तम जाल वकील. आणि तू जे खोके विकतोस, त्यातले औषध जगापुढे आणण्यात याच माणसाचा मोठा वाटा आहे, असे त्याने सांगितले. त्या दिवसापासून मी या माणसाविषयी मिळेल ते वाचत आलो.

रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ मध्ये मुंबईत, पारशी कुटुंबात झाला. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत व्यवसाय सुरू केला. हृदयरोग हा त्यांचा विषय. परळच्या केईएम रुग्णालयात ते काम करीत.

त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, झोपेची गोळी घ्या, एवढाच सल्ला. फारच झाले तर मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रिया. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब वर्षानुवर्षे वाढत गेला आणि एप्रिल १९४५ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला देण्याजोगे औषध त्याच्या डॉक्टरांकडे नव्हते. मग परळच्या गिरणी कामगाराची काय कथा?

आपल्याकडे मात्र सर्पगंधा होती. हिंदीत तिला छोटा चांद म्हणतात. उत्तरेत बिहारकडे तिला पागल की दवा म्हणत, कारण बेफाम झालेल्या माणसाला तिची मुळी देऊन शांत करीत. सोळाव्या शतकातल्या लिओनहार्ड राउवोल्फ या जर्मन वैद्यावरून तिला राउवोल्फिया हे शास्त्रीय नाव पडले. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो, असे छापून सांगितले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून काही द्रव्ये वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन म्हटले. पुढे कर्नल रामनाथ चोप्रा यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. १९३४ पासून हिमालय ड्रग कंपनीची सर्पिना ही गोळी बाजारात होती आणि देशातले अनेक डॉक्टर ती देत होते.

म्हणजे औषध होते, अनुभवही होता. नव्हता तो हिशेब. माझ्या रोग्याला गुण आला, असे दहा डॉक्टर सांगत. पण किती रोग्यांपैकी किती जणांना, किती दिवसांत, किती अंशांनी गुण आला आणि औषध थांबवल्यावर काय झाले, हे कोणी मांडून दाखवत नव्हते. बाहेरच्या जगाला ही सगळी देशी जडीबुटीची गोष्ट वाटत होती.

वकिलांनी हा हिशेब केला. जवळपास दहा वर्षे ते आपल्या रोग्यांना सर्पगंधा देत होते आणि नोंदी ठेवत होते. त्यांतून त्यांनी ५० रोगी निवडले. उपचारापूर्वी दाब किती, उपचार चालू असताना किती, औषध बंद केल्यावर किती, हे त्यांनी मांडले. चार आठवड्यांच्या उपचारानंतर बहुतेकांचा दाब उतरलेला होता. औषध सावकाश लागू पडते आणि थांबवल्यावरही गुण काही काळ टिकतो, हे आकड्यांत दिसले. हा लेख ऑक्टोबर १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या लंडनच्या नियतकालिकात छापून आला. जेमतेम पाच-सहा पानांचा लेख. तो वाचताना मला आपले सर आठवतात. त्यात कोणतीही पायरी गाळलेली नाही.

त्या पाच-सहा पानांनी पुढे काय केले ते बघा. बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचून ही मुळी आपल्या रोग्यांना दिली आणि त्यांनाही गुण दिसला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतले नेमके द्रव्य वेगळे केले. तेच रेसरपिन. न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले. आपल्या आजीपणजीला माहीत असलेली मुळी पाच वर्षांत जगभरच्या औषधांच्या दुकानांत पोहोचली. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकात नोबेलच्या खालोखाल त्याचा मान आहे. १९५८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

पुरस्कार मिळाले म्हणून त्यांनी शिकवणे सोडले नाही. डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक नागपूरच्या मेडिकलच्या मुलांच्या हाती किती वर्षे होते, ते आपले डॉक्टर मित्रच सांगतील. भारतीय डॉक्टरांनी भारतीय रोग्यांचा अनुभव धरून लिहिलेले वैद्यकाचे मोठे पाठ्यपुस्तक असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाने १९६९ मध्ये काढले. त्याच्या पहिल्या आवृत्तीचे संपादक वकीलच होते. वैद्यकाच्या इतिहासावरही ते लिहीत. नोव्हेंबर १९७४ मध्ये ते गेले. वय अवघे ६३.

त्याच वर्षी सरांच्या बाबतीत जे घडले, ते आता सांगतो.

सरांचा उजवा हात थरथरू लागला होता. चालताना पाऊल उचलत नसे, फरफटत पडे. त्यांना एका डॉक्टरांनी तपासले आणि रक्तदाबाची गोळी ताबडतोब बदलली. रेसरपिनने काही रोग्यांत हात थरथरणे, अंग ताठरणे, मन खिन्न होणे असे प्रकार होतात, असे त्यांनी घरच्यांना सांगितले. हे ऐकले त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. तीन वर्षे ती गोळी मी माझ्या हाताने नेऊन दिली होती. गोळी लिहून दिली ती डॉक्टरांनी, माझा त्यात काही दोष नाही, असे वडिलांनी समजावले. पण मनातून जाईना. आधी खाजकुइली आणि आता हे, असे वाटे. कित्येक महिने मी सरांच्या गल्लीतून जाणे टाळले आणि औषध नोकराच्या हाती पाठवले.

गोळी बंद झाली, महिने उलटले, पण सरांची थरथर गेली नाही, वाढतच गेली. मग मोठ्या डॉक्टरांनी निदान केले, पार्किन्सनचा आजार. आयुर्वेदात ज्याला कंपवात म्हणतात तो. १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी त्याचे नीट वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव. त्यांना एल-डोपाचे कॅप्सूल सुरू झाले. ते महाग होते आणि मला मुंबईहून मागवावे लागे. ते मात्र मी पुन्हा स्वतः नेऊन देऊ लागलो. काही आठवड्यांनी सरांनी माझ्यासमोर वहीत एक भूमितीची आकृती काढली आणि खाली सगळ्या पायऱ्या लिहिल्या. अक्षर पहिल्यासारखे मोठे नव्हते, पण वाचता येत होते. त्या औषधावर त्यांची पाच-सहा वर्षे बरी गेली. मग त्याचाही गुण कमी होत गेला. १९८३ मध्ये सर गेले.

या दोन औषधांचा एकमेकांशी संबंध आहे, हे मला ठाऊक नव्हते. ऑक्टोबर २००० मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांना नोबेल जाहीर झाले. बातमी वाचून आपल्या त्याच डॉक्टर मित्राने दुकानात फोन केला आणि संध्याकाळी येऊन मला सगळे समजावून सांगितले.

रेसरपिन मेंदूत नेमके काय करते, याचा शोध १९५० च्या दशकात अनेक जण घेत होते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते काही रासायनिक द्रव्यांमार्फत. रेसरपिन या द्रव्यांची साठवण रिकामी करते, असे दिसून आले. १९५७ मध्ये कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिले. ससे निपचित पडले, कान खाली, हालचाल बंद. मग त्यांना एल-डोपा टोचले आणि थोड्याच वेळात ससे उठून फिरू लागले. एल-डोपापासून शरीर डोपामिन बनवते. म्हणजे हालचालीसाठी मेंदूला डोपामिन लागते आणि ते संपले की जिवंत प्राणी पुतळा होतो. १९६० मध्ये व्हिएन्नाचे हर्बर्ट एरिंगर आणि ओलेह हॉर्निकिविच यांनी पार्किन्सनने मेलेल्या रोग्यांचे मेंदू तपासले. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागात डोपामिन फारच कमी होते. १९६७ मध्ये न्यूयॉर्कचे जॉर्ज कोत्झियास यांनी एल-डोपा थोडे थोडे वाढवत मोठ्या मात्रेत दिले आणि वर्षानुवर्षे जखडलेले रोगी चालू लागले.

पुढे कळले की एवढ्यावर गोष्ट संपत नाही. मेंदूच्या त्या काळ्या पट्ट्यातल्या पेशीच मरत जातात, म्हणून औषधाचा गुण पुढे कमी पडतो. तिथे सब्स्टन्स पी नावाचे एक न्यूरोपेप्टाइडही भरपूर असते. ते फॉन ऑयलर आणि गॅडम यांनी १९३१ मध्येच शोधले होते. या आजारात तेही घटलेले आढळते. निरोप पोहोचवणारे एकटे डोपामिन नाही. त्या मरणाऱ्या पेशी वाचवता कशा येतील, यावर जगभर आजही काम चालू आहे.

मित्राने दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. रेसरपिनमुळे आलेली थरथर, औषध बंद केले की साधारणपणे ओसरते, कारण पेशी जिवंत असतात, फक्त साठा रिकामा झालेला असतो. सरांची ओसरली नाही. शिवाय अक्षर बारीक होणे आणि चेहरा निश्चल होणे हे अकरावीतच सुरू झाले होते, मी गोळ्या नेऊन देऊ लागलो त्याच्या आधी. ही याच आजाराची लक्षणे. गोळीने त्रासात थोडी भर घातली असेल, आजार तिने दिला नाही. पंचवीस वर्षांचे ओझे त्या संध्याकाळी उतरले. पण त्याच क्षणी दुसरे चढले. आपण ज्याला दगड समजत होतो, तो माणूस आतून आपल्यासारखाच होता. त्याला खाज सुटत होती, रागही येत असेल, हसूही येत असेल. चेहरा ते दाखवू शकत नव्हता.

मित्र जाता जाता आणखी एक सांगून गेला. एल-डोपा १९३७ मध्येच मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी एका रानटी वेलीच्या बियांतून वेगळे केले होते. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच बियांची पूड पार्किन्सनच्या रोग्यांना देऊन पाहिली आणि त्यांना गुण दिसला. ती वेल म्हणजे खाजकुइली. मी काही बोललो नाही. शेंगेची लव सरांच्या खुर्चीवर मीच टाकली होती आणि तिच्या पोटातल्या बीमध्ये त्यांचे औषध होते.

डॉ. वकील यांचे चरित्र म्हणून मला सांगायचे आहे ते एवढेच. पार्किन्सनवर त्यांनी काम केले नाही. ते रक्तदाबाचा हिशेब मांडत होते. पण तो इतका चोख मांडला की सात समुद्रांपलीकडच्या माणसांना त्यावर भरवसा ठेवता आला. त्या औषधाच्या गुणातून रक्तदाबाचा उपचार निघाला आणि त्याच औषधाच्या दोषातून कंपवाताचा. सर्पगंधा आपल्याकडे शेकडो वर्षे होती. ती आपलीच आहे असा अभिमान पुष्कळांना होता. पण ५० रोग्यांचा दाब मोजून लिहून ठेवायचा, हे कंटाळवाणे काम करणारा माणूस मिळाला तेव्हाच ती जगाच्या उपयोगी पडली. आज रक्तदाबासाठी रेसरपिन क्वचितच दिले जाते, त्याहून चांगली औषधे आली. आमच्या गोदामात त्याचे खोके येणे केव्हाच बंद झाले. तरी वकिलांचे काम जुने झाले असे मला वाटत नाही.

आपण सगळे आता सत्तरीच्या आसपास आहोत. मेळाव्याला याल तेव्हा एकमेकांकडे नीट पाहा. कोणाचे अक्षर बारीक होत असेल, चालताना एक हात हलत नसेल, चेहरा पूर्वीसारखा फुलत नसेल, तर तो गर्विष्ठ झाला असे समजू नका. त्याला घरच्यांसह मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे न्या. नागपुरात आता त्यांची वाण नाही. आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, त्याचा कागद सोबत ठेवा. औषध विकणाऱ्याचा हा सल्ला फुकट आहे.

सरांच्या चिरंजीवांना मी मागच्या वर्षी भेटलो आणि खुर्चीची गोष्ट सांगितली. त्यांनी कपाटातून सरांची ती वही काढून दाखवली. भूमितीची आकृती, खाली सगळ्या पायऱ्या, शेवटी तारीख. मेळाव्याच्या दिवशी ती वही ते घेऊन येणार आहेत. सगळ्यांनी पाहावी.